ऐकणाऱ्याचा पाट

१

सोमवार आला की सिंधूताईंच्या पोटऱ्यांना तो आदल्या रात्रीपासूनच कळायचा. सकाळी नळाचं पाणी भरायचं, भगवंतरावांचा चहा, त्यांची बीपीची गोळी, धुणं. दिवसभर पोटात पाण्याशिवाय काही नाही. उन्हं उतरली की मधल्या खोलीत रांगोळी, चौरंग, बेल, समई आणि अर्धा शेर कणकेचा चुरमा. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी सोळा सोमवार धरणं म्हणजे खेळ नव्हे. डॉक्टरांनी उपास कमी करा म्हणून बजावलं होतं. सिंधूताईंनी मान डोलावली, आणि घरी येऊन सोळा धरले.

कशासाठी, ते घरात दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही बोलत नव्हते. भगवंतरावांचे कान खामगावच्या जिनिंगमध्ये गेले होते. चौतीस वर्षं कापसातली सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या धडधडाटात उभं राहिलेला माणूस. आता कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर एखादा शब्द पोचायचा, बाकी ते ओठांवरून ओळखायचे. दिवसभर मधल्या खोलीतल्या खाटेवर बसून असायचे.

सव्वा वर्षापूर्वी याच खोलीत त्यांचा एकुलता एक मुलगा, शेखर, उभा होता. पुण्याहून आला होता. ऑफिसातल्या समताशी नोंदणी करून लग्न केलंय, ती सुलतानपूरची, बौद्ध घरातली, हे त्याला बापाला सांगायचं होतं; आणि बापाला ऐकू यावं म्हणून ते ओरडून सांगावं लागत होतं. असली गोष्ट कोणावर ओरडून सांगायची पाळी येऊ नये. सिंधूताई मधेच म्हणाल्या होत्या, "हळू बोल बाबा, शेजारी ऐकतील." तेवढ्यात भगवंतरावांनी ताटावरून हात उचलला होता.

"याचं नाव या घरात ज्या दिवशी निघीन, त्या दिवसापासून मी अन्नाले शिवणार नाही."

शेखरही त्यांचाच. "बाबा स्वतः माझं नाव घेऊन हाक मारतील तेव्हाच येईन. तोवर फोनसुद्धा नाही," म्हणाला आणि बॅग उचलली. बोलणं निम्म्यावरच राहिलं.

त्या दिवसापासून भगवंतरावांची मोठी पंचाईत झाली. बायकोला ते आयुष्यभर 'शेखरची माय' म्हणत आले होते. आता हाक मारायला शब्दच उरला नाही. नुसतं "अवं" म्हणायचे, आणि तेही भिंतीकडे बघून.

पहिल्या सोमवारी दुसरीच अडचण आली. कहाणी एकटीनं वाचायची नसते. समोर ऐकणारं लागतं, मुठीत चार अक्षता धरून मधून मधून 'हं' म्हणणारं. दरवर्षी शेजारच्या कलाबाई यायच्या, पण त्या लेकीच्या बाळंतपणाला धामणगाव बढ्याला गेल्या होत्या. घरातलं माणूस पूजेला हजर नसलं तर त्याच्या नावानं सुपारी मांडतात, हे सिंधूताईंना माहेरापासून ठाऊक होतं. त्यांनी खाटेशेजारी पाट ठेवला, त्यावर मूठभर तांदूळ आणि तांदळावर सुपारी.

आता नाव घ्यायचं. ओठ हलले असते तर खाटेवरून दिसलं असतं. नवऱ्याच्या अन्नाची शपथ होती.

"ज्याला या घरात कोणी बोलवत नाही," त्या हळूच म्हणाल्या, "त्यानं यावं. इथं बसावं. ऐकावं."

नाव काही घातलं नाही. देवाला मनातलं कळतं, असं म्हणून त्यांनी हात जोडले.

२

व्रतात त्यांनी आपल्या मनानं एक गोष्ट घातली होती. पूजेनंतर, कहाणीआधी, यादीतलं एक गाणं पूर्ण ऐकायचं. मधे उठायचं नाही, आवाज कमी करायचा नाही. लेकराचं बोलणं या घरात कोणी शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाही, निदान त्याची गाणी तरी ऐकू.

यादी समतानं फोनवर करून दिली होती. सूनबाईचा दर बुधवारी चोरून फोन यायचा. "आई, तुम्ही, मी आणि हा, तिघांची यादी आहे. रॉकची गाणी. याची आवडती. गाण्याखाली तुम्हाला काय वाटलं ते लिहायचं. हा बोलत नाही ना? पण वाचतो बरं, सगळं वाचतो."

रॉक म्हणजे काय ते सिंधूताईंना पहिल्याच सोमवारी कळलं. एक माणूस पाच मिनिटं कोणावर तरी खेकसत होता. त्या समईसमोर हात जोडून बसून राहिल्या आणि गाणं संपल्यावर एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'गळा जपावा. ज्येष्ठमध चघळावं.' खाली समताची हसून डोळ्यांत पाणी आलेली चार तोंडं आली. मग शेखरच्या नावाच्या गोलातून एक लाल बदाम. नुसता बदाम. सिंधूताईंनी फोन कपाळाला लावला.

दुसऱ्या सोमवारी त्यांनी लिहिलं: 'हे वाद्य रडतं की चिडतं ते समजलं नाही. शेवटी दमलं. मलाही तसंच होतं.' पुन्हा बदाम.

तिसऱ्या गाण्यात ढोलच ढोल. फोन खाटेच्या लाकडाला टेकवला होता. भगवंतरावांनी पेपर खाली ठेवला, तळहात लाकडावर दाबला आणि कितीतरी वेळानं म्हणाले, "रेचा चालून राह्यला कुठी तरी."

सिंधूताईंना हसू फुटलं. त्यांनी तेच लिहिलं: 'घरच्यांना रेचा वाटला.' समताची तोंडं आली. शेखरचे दोन बदाम आले, कारण घरच्यांना म्हणजे कोणाला ते त्याला कळलं होतं.

आणि त्याखाली चौथं काहीतरी आलं. करड्या रंगाचा गोल, आत ना फोटो ना नाव. शेजारी एकच अक्षर.

'हं'

३

"चौथं कोण घेतलं गं यादीत?" बुधवारी त्यांनी विचारलं.

"चौथं? नाही आई, तिघंच आहोत आपण."

"करडा गोल आहे बघ. राजकुमार असेल, याचा दोस्त. त्याला गाण्यांचं वेड होतं."

समतानं यादी उघडली. फोनवर बोटं चालल्याचा आवाज आला. "माझ्याकडे तिघांचंच दिसतंय. तुमचं, माझं, याचं. रेच्याखाली काहीच नाही." मग लांबून तिनं कोणाला तरी काही विचारलं, आणि लांबूनच एक ओळखीचा आवाज आला. काय म्हणाला ते नीट ऐकू आलं नाही, पण सिंधूताईंचा जीव कानात आला. "हा म्हणतो, आईला म्हणावं उपास फार झाले, जरा खात जा."

सव्वा वर्षात त्यानं आईला सांगितलेली पहिली गोष्ट. त्या आनंदात करड्या गोलाचं राहूनच गेलं. फोन जुना आहे, काच तडकलेली आहे, दिसत असेल काहीबाही.

चौथ्या सोमवारी गाणं संपलं. सिंधूताईंनी पोथी उघडली, पहिलं वाक्य वाचून सवयीनं थांबल्या. कलाबाई असत्या तर इथं हुंकार आला असता, म्हणून थांबल्या एवढंच.

"हं."

बारीक आवाज होता. घशातल्या घशात. भगवंतराव भिंतीकडे तोंड करून लवंडले होते, त्यांचा श्वास वेगळा चालला होता. सिंधूताईंनी मान वर केली नाही. फ्रिज सुरू होताना असा हुंदका देतो, त्यांनी स्वतःला सांगितलं. उपाशी पोटी कानात आवाज होतो, डॉक्टर म्हणाले होते. पाल असेल. पुढचं वाक्य वाचलं आणि या वेळी न थांबता त्याला लागूनच त्याच्या पुढचंही वाचलं.

मधे जागा नव्हती तरी 'हं' बरोबर पूर्णविरामावर आला.

कहाणी संपल्यावर त्यांनी चाचपत स्वयंपाकघर गाठलं. फ्रिजला हात लावला. तो बंदच होता. दुपारपासून लाइट नव्हती.

४

माणसाला कशाचीही सवय होते, आणि थकलेल्या माणसाला जरा लवकर होते.

भीती वाटत होती, नाही कशाला म्हणा. पण त्या भीतीच्या पोटात एक गोष्ट होती जी सिंधूताई कोणाजवळ कबूल करू शकल्या नसत्या. कोणीतरी ऐकत होतं. लग्न होऊन या घरात आल्याला छत्तीस वर्षं झाली. सासूबाईंना ऐकायला सवड नव्हती, नवऱ्याला कान नव्हते, आणि ज्याला दोन्ही होतं तो गेला. इथं कोणी मधे बोलत नव्हतं, घाई करत नव्हतं. वाक्य संपलं की 'हं'. पुढं सांग.

आणि देवाला मनातलं कळतं. त्यांनी मनात ज्याला बोलावलं होतं त्याचंच काहीतरी येत असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं. पुण्यात देह आहे, जीव इथं येतो. आईकडे लेकराचा जीव येणार नाही तर कोणाकडे?

सहाव्या सोमवारी पोथी उघडलीच नाही. गाणं झालं. त्यात एक बाई फार लांबून हाक मारत होती आणि तिला कोणी ओ देत नव्हतं. सिंधूताईंनी लिहिलं: 'हिला कोणीतरी ओ द्या.' करड्या गोलातून उत्तर आलं, आता ते नेहमीच शेखरच्या बदामाआधी यायचं. मग त्या पाटाकडे वळून सांगू लागल्या. तापाच्या साथीत शेखर चार वर्षांचा होता, त्याला घेऊन त्या अकोल्याच्या दवाखान्यात अकरा दिवस कशा बसल्या. तो डावखोरा, शाळेत बाई मारायच्या, तेव्हा त्या जाऊन भांडल्या कशा. त्याला मेथी चालत नाही. चालताना डावी टाच घासतो, सगळ्या चपला एकाच बाजूनं झिजतात.

"हं," पाटावरून येत राहिलं. "हं." "हं."

त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी त्यांना छाती मोकळी वाटली. ऐकणाऱ्याच्या वाट्याचा चुरमा पाटापुढं ठेवून त्या देवाला दिवा दाखवायला बाहेरच्या खोलीत गेल्या. परत आल्या तेव्हा वाटीत बोटं फिरली होती. थोडंच गेलं होतं, उंदरानं न्यावं तेवढं. पण खाल्लं होतं डाव्या बाजूनं.

५

"अवं," भगवंतराव म्हणाले, "कोन चालून राह्यलं घरात?"

आठव्या सोमवारनंतरचा मंगळवार होता, सकाळचे अकरा. सिंधूताई शेंगा निवडत होत्या.

"कोणी नाही," त्या ओठ नीट हलवून म्हणाल्या.

"नाही कसं? माझ्या खाटीले कळते ना." ते पाय जमिनीवर टेकवून, दोन्ही तळहात खाटेच्या चौकटीवर ठेवून बसले होते, रेच्याजवळ उभं राहून कुठला पट्टा सैल झालाय ते जोखायचे तसे. "जिनिंगात दहा रेचे चालू असले तरी मी पायानं सांगत होतो, सातव्याचं बेअरिंग गेलं म्हणून. आन हे समजणार नाही? येते, बसते. घासत येते."

सिंधूताईंच्या हातातली शेंग निसटली.

"घासत?"

"एक पाय घासते," भगवंतराव म्हणाले. त्या दिवशी जेवताना त्यांनी भाकरीचा चतकोर मोडला आणि ताटाच्या कडेला ठेवून दिला. कोणासाठी ठेवतात तसा. पूर्वी ते शेखरला हातातला घास द्यायचे तेव्हा असाच ठेवायचे.

संध्याकाळी सिंधूताईंनी पाट झाडला. तांदूळ बदलायचे म्हणून सुपारी उचलली आणि पटकन खाली ठेवली. दिवसभर सावलीत असलेली सुपारी कोमट होती. रडून रडून झोपलेल्या लेकराच्या तळहातासारखी.

६

अकराव्या सोमवारी करड्या गोलानं पहिल्यांदा दुसरं काही लिहिलं.

'आई चुरम्यात गूळ कमी पडला'

त्यांनी चाखून पाहिला. खरंच कमी पडला होता. सकाळपासून डोकं दुखत होतं, अंदाज चुकला.

बाराव्या सोमवारी: 'आई अकोल्याचं सांग परत'

बुधवारी त्यांनी समताला न राहवून विचारलं, "हा माझ्या चुरम्याबद्दल काही म्हणाला का गं?" समता म्हणाली, "आई, यानं सोमवारी एकच बदाम टाकला. तुम्ही बऱ्या आहात ना? आवाज फार ओढलेला वाटतोय. मी काही व्रत धरत नाही, तुम्हाला माहितीये. पण माझी आई म्हणते, जे करायचं ते शरीर सांभाळून. सोडा ना उरलेले."

"घेतलेलं सोडता येत नाही बाई," सिंधूताई म्हणाल्या. "पूर्ण झाल्यावर निरोप द्यायचा असतो. मग सुटतं."

फोन ठेवल्यावर त्यांनी करड्या गोलाचं पुन्हा वाचलं. अकोल्याचं 'परत' सांग. अकोल्याचे अकरा दिवस शेखरला कधी आठवतच नव्हते, चार वर्षांचा होता. हे त्यांनीच सहाव्या सोमवारी पाटाला सांगितलेलं. आणि टाच? ती तरी खाटेनं ओळखली ती त्यांनी सांगितल्यावरच. त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं. पाटानं आजवर शेखरची एकही गोष्ट अशी दाखवली नव्हती जी त्यांनी स्वतः सांगितली नव्हती.

मग एक परीक्षा घ्यायची, त्यांनी ठरवलं. व्रतात खोटं बोलू नये. असं रचून तर त्या आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या. पण तेराव्या सोमवारी, गाणं झाल्यावर, पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या पाटाला म्हणाल्या:

"आन लहानपणापासून त्याची एक खोड होती. जेवायला बसला की पहिला घास मोडायचा आन ताटाच्या काठाखाली सरकवून ठेवायचा. मुंगीचा घास म्हणायचा."

असं काही नव्हतं. शेखरनं जन्मात कधी मुंगीला घास ठेवला नव्हता. तो असता तर हसून म्हणाला असता, आई, हे कोणाचं सांगतेस?

समईची वात तडतडली.

"हं," पाट म्हणाला.

७

चौदाव्या सोमवारी त्यांनी वाटीऐवजी पितळी ताटलीत चुरमा ठेवला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. शंभर आकडे मोजले. परत आल्या.

ताटली जागेवर होती. त्यांनी तिचा काठ एका बोटानं उचलला.

खाली चुरम्याचा एक घास होता. छान वळून ठेवलेला.

म्हणजे तो शेखर नव्हता. त्याचा जीव नव्हता, त्याचं काहीच नव्हतं. त्यांनी बिननावाचा पाट मांडला होता आणि त्यावर कोणीतरी येऊन बसलं होतं, ज्याला खरंच कुठल्याच घरात कोणी बोलवत नव्हतं. आणि त्याला त्यांनी आठवड्यामागून आठवडा बसवून, खाऊ घालून, आपला मुलगा शिकवला होता.

त्या भिंतीला धरून खाली बसल्या. सुपारी अजून तांदळावर होती. तांदळात तिच्याभोवती खळगा पडला होता, मांडी घालून बसल्यावर गादीला पडतो तसा, पण एवढासा.

"अवं," खाटेवरून आवाज आला.

त्यांनी वर पाहिलं. भगवंतराव भिंतीकडे बघत नव्हते. त्यांच्याकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे भरले होते.

"मले सारं समजते," ते म्हणाले. "सोमवार सोमवार येते तो. तू लपवून आनते. माझ्या खाटीपाशी येऊन बसते, बोलत नाही. मी झोपलो अशी समजूत आहे त्याची." त्यांनी नाक पुसलं. "त्याले म्हन, लपून नको येऊ. म्हातारा झालो मी. तिलेही आन म्हन. दारातून या म्हन दोघं."

ज्या शब्दांसाठी चौदा सोमवार पाय दुखवले ते शब्द आले होते. सिंधूताईंच्या तोंडावर आलं होतं, अहो, तो नाही हो तो. दुसरंच कोणी आहे. एवढं म्हटलं असतं की संपलं असतं. म्हातारा पुन्हा भिंतीकडे वळला असता, कायमचा.

त्यांनी मान डोलावली.

८

समता फोनवर रडली. तिनं फोन शेखरला दिला. तो म्हणाला, "नाव घेतलं का त्यांनी माझं?"

"तू ये," सिंधूताई म्हणाल्या. "तुझ्या तोंडावर घेतील."

"येतो. सतराव्या सोमवारी. तुझ्या उद्यापनाला."

मधले दोन सोमवार कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. गाणी ऐकली, कारण घेतलेलं सोडता येत नाही. गाण्याखाली 'छान' एवढंच लिहिलं. कहाणी पोथीतली वाचली, एकही शब्द पदरचा घातला नाही. 'हं' येत राहिला, पण आता त्यात एक रुसवा होता. सोळाव्या सोमवारी करड्या गोलानं लिहिलं, 'आई माझं सांग ना', आणि त्यांनी फोन उपडा ठेवला.

त्यांचा बेत साधा होता. आवाहन केलं तर विसर्जन करता येतं. उद्यापनाच्या दिवशी मुलं संध्याकाळी सातच्या सुमाराला पोचतील. आपण पाचलाच पूजा आटोपायची, अक्षता वाहायच्या, आलास, ऐकलंस, आता जा बाबा म्हणायचं. पाट धुऊन उन्हात टाकायचा. मग दिवे लावायचे आणि खऱ्या लेकराला दार उघडायचं. देव भल्याचं भलं करतो. आजवर कधी उपाशी निजवलं नाही त्यानं.

९

सतराव्या सोमवारी साडेचार वाजता त्यांनी मुठीत अक्षता घेतल्या, आणि दारात गाडी थांबली.

कोणाची तरी गाडी थेट खामगावला येत होती म्हणून दोघं लवकर आली होती. शेखर वाळला होता. समतानं वाकून नमस्कार केला, सिंधूताईंनी एका हातानं तिला धरलं. दुसरी मूठ मिटलेली तशीच. शेखर उंबऱ्यावर थबकला. मधल्या खोलीच्या दारातून खाट दिसत होती.

भगवंतरावांचे तळहात चौकटीवर होते. त्यांनी मान वळवली आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशी, बहिऱ्या माणसाची मोठी हाक मारली.

"आला का बे शेखर! आज बरा दारातून आला!"

शेखरच्या तोंडाचं काहीतरी झालं. पाचवीतल्या पोरासारखं झालं. तो चपला न काढताच आत गेला आणि बापाच्या पायांशी वाकला. भगवंतराव त्याच्या पाठीवर थोपटत राहिले. "बस," ते पाटाकडे बोट करत म्हणाले. "बस तुझ्या जागी."

"तिथं नको," सिंधूताई म्हणाल्या. "थांब, मी दुसरा पाट देते—"

"काऊन दुसरा? त्याचीच तर जागा आहे ते." म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते सिंधूताईंनी दीड वर्षात पाहिलं नव्हतं. "शेखरची माय, ताट वाढ लेकराले. उभी काय राह्यली?"

शेखरची माय.

शेखरनं खाली वाकून सुपारी उचलली, आईच्या हातात दिली, तांदूळ एका बाजूला केले आणि मांडी घालून पाटावर बसला. त्याच्या पाठीतून एक लहानशी शिरशिरी गेली, थंड पाण्याचा पहिला तांब्या घेतल्यावर जाते तशी. तेवढंच.

सिंधूताईंनी तळहातातली सुपारी चाचपली. गार होती. दगडासारखी गार.

गेलं, त्यांच्या मनात आलं. खरा धनी आला आणि ते उठून गेलं. समतानं हसत हसत यादीतलं शेवटचं गाणं लावलं, फोन खाटेच्या लाकडाला टेकवला, भगवंतरावांनी तळहात दाबून "चालू झाला रेचा" म्हटलं, आणि सगळी हसली. सिंधूताईंनी ताटं वाढली. चुरमा, वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी. वाढता वाढता तिरप्या नजरेनं फोन पाहिला. गाण्याखाली तीनच गोल होते. करडा नव्हता. त्यांनी देवाकडे बघून डोळे मिटले. सतरा सोमवारांचा शीण एकदम खांद्यावर आला. आता झोपायचं, दोन दिवस झोपायचं.

डोळे उघडले तेव्हा शेखर जेवायला लागला होता. डाव्या हातानं पोळीचा पहिला घास मोडला होता. तो त्यानं तोंडात घातला नाही. ताटाचा काठ बोटानं जरासा उचलला आणि घास खाली सरकवून ठेवला.

"हे काय नवीन?" समता हसत म्हणाली.

"नवीन कुठलं? लहानपणापासून आहे. मुंगीचा घास."

"दोन वर्षांत मी कधी पाहिलं नाही."

"आई, सांग ना हिला," शेखर म्हणाला.

गाणं संपलं होतं. भगवंतराव खाटेवरून लेकाकडे बघत होते, पुन्हा पुन्हा बघत होते, आणि त्यांच्या ताटातला घास न सांडता तोंडात जात होता. सिंधूताईंच्या मुठीत अक्षता घामानं चिकट झाल्या होत्या. त्या पाटाकडे भिरकावून 'जा' म्हणायचं होतं. कोणाला म्हणायचं, एवढंच कळत नव्हतं.

"आई?"

"सांगते," सिंधूताई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच लांबून आला. "लहान होता तेव्हा..."

त्या तिथं थांबल्या. थांबायचं नव्हतं, पण छत्तीस वर्षांची सवय.

शेखरनं मान खालीच ठेवली होती. घशातल्या घशात तो म्हणाला,

"हं."